लघुग्रहाची माती आणि लुई पाश्चरचे दोन प्रश्न

दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' असं छापलेलं असतं, ते लुई पाश्चरच्या नावावरून. रेबीजच्या लशीमुळे तो शाळेच्या पुस्तकातही भेटतो. मला मात्र त्याची आठवण झाली ती बेन्नू नावाच्या लघुग्रहामुळे. २४ सप्टेंबर २०२३ला नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाची कुपी अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात उतरली. आत बेन्नूवरची १२१.६ ग्रॅम माती आणि खडे होते. त्यात अमिनो आम्लं सापडली, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात ते रेणू. आता खरा प्रश्न: हे रेणू अवकाशातून आले, की आपल्याच हाताचे, हवेचे, धुळीचे त्यात मिसळले?

हे ओळखायच्या दोन युक्त्यांची मुळं पाश्चरच्या आयुष्यात आहेत. म्हणून ते थोडक्यात सांगतो.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२चा, फ्रान्समधल्या डोल गावातला. वडील कातडी कमावण्याचं काम करायचे. पोरगा चित्रं छान काढायचा. बारीक बघायची ही सवय पुढे रसायनशास्त्रात कामी आली.

१८४८ साली, पंचविशीत, तो टार्टारिक आम्लाच्या क्षारांवर काम करत होता. वाइनच्या पिंपात साचणाऱ्या थरातून मिळणारं हे आम्ल ध्रुवीकृत प्रकाशाची दिशा फिरवतं. (ध्रुवीकृत म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा. एलसीडी स्क्रीनमधून असाच प्रकाश बाहेर पडतो.) पण याच आम्लाचा दुसरा एक प्रकार होता. घटक तेच, प्रमाण तेच, तरी तो प्रकाश अजिबात फिरवत नव्हता. असं का?

पाश्चरनं त्या दुसऱ्या प्रकाराच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते दोन तऱ्हेचे निघाले, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे. चपलांचा जोड आठवा: आकार तोच, पण उजवी चप्पल डाव्या पायात बसत नाही. त्यानं चिमट्यानं एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणानं प्रकाश उजवीकडे फिरवला, दुसऱ्याच्या द्रावणानं डावीकडे. दोन्ही सारखे मिसळले की परिणाम शून्य.

पुढे त्याला दिसलं, की अशा मिश्रणात बुरशी वाढली तर ती एकच प्रकार खाते आणि दुसरा तसाच ठेवते. जीवसृष्टी डावं-उजवं पाहून निवड करते, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. आज आपण जाणतो, की पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं जवळपास पूर्णपणे 'डाव्या' अमिनो आम्लांची असतात.

दुसरी युक्ती धुळीची. सडक्या रसात जीव आपोआप जन्मतात, असं तेव्हा अनेकांना वाटायचं. पाश्चरचं म्हणणं होतं, की ते हवेतल्या धुळीतून येतात. १८६० साली त्यानं उकळून बंद केलेले चंबू वेगवेगळ्या उंचीवर नेऊन उघडले आणि पुन्हा बंद केले. पायथ्याच्या भागात २० पैकी ८ चंबू नासले, ज्युराच्या डोंगरावर ५, आणि आल्प्समधल्या हिमनदीजवळ फक्त १. जितकी धूळ कमी, तितके जीव कमी.

एप्रिल १८६४मध्ये पॅरिसच्या सोरबॉनमध्ये त्यानं यावर गाजलेलं भाषण दिलं. पाचेक आठवड्यांनी, १४ मे रोजी, दक्षिण फ्रान्समध्ये ऑर्गेय गावाजवळ कार्बनयुक्त अशनी कोसळला.

पाश्चरचं पुढचं आयुष्य रोगांशी लढण्यात गेलं. पाचपैकी तीन मुलं त्यानं गमावली. १८६८ साली झटका येऊन डावी बाजू अधू झाली, तरी काम थांबलं नाही. १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस देऊन वाचवलं. २८ सप्टेंबर १८९५ला पाश्चर गेला.

ऑर्गेयच्या अशनीचं एक प्रकरण त्याला कधी कळलंच नाही. त्याचा एक तुकडा काचेच्या बरणीत बंद होता. १९६०च्या दशकात एडवर्ड अँडर्स आणि सहकाऱ्यांनी तो तपासला, तर आत वनस्पतीच्या बिया! पण सोबत कोळशाचे कण आणि डिंकासारखा चिकट पदार्थही होता. कुणीतरी मुद्दाम बिया खुपसून वर लिंपून ठेवलं होतं, बहुधा १८६४च्या त्या वादाच्याच काळात. शंभर वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आकाशातून पडलेल्या दगडात काही सापडलं, म्हणून ते आकाशातलंच असतं असं नाही.

फसवायचा हेतू नसला तरी चूक होऊ शकते. जपानच्या हायाबुसा-२ यानानं डिसेंबर २०२०मध्ये र्‍युगू लघुग्रहाचे ५.४ ग्रॅम नमुने आणले. त्यातल्या एका कणावर लंडनमध्ये सूक्ष्मजीव दिसले. पण आधीच्या एक्स-रे स्कॅनमध्ये ते नव्हते, आणि दिवसांगणिक त्यांची संख्या वाढली, मग घटली. म्हणजे ते इथलेच, नंतर शिरलेले.

बेन्नूच्या वेळी म्हणूनच तयारी कडक होती. यानावर 'साक्षीदार' पट्ट्या लावल्या होत्या. वाटेत जी घाण बसेल ती त्यांवरही बसणार, म्हणजे नंतर तुलना करता येते. ह्यूस्टनमध्ये नमुने नायट्रोजन भरलेल्या पेटीत हाताळले जातात. हा पाश्चरच्या चंबूचाच विचार.

मग स्फटिकांचा प्रश्न विचारला: डावी किती, उजवी किती? जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालं, की बेन्नूत सजीवांच्या प्रथिनांतली २०पैकी १४ अमिनो आम्लं आहेत, आणि डावी-उजवी साधारण सारखी. आपल्या हाताची घाण असती तर डावी कितीतरी जास्त भरली असती. शिवाय तिथल्या अमोनियात नायट्रोजनचं जड समस्थानिक पृथ्वीवरच्यापेक्षा जास्त आढळलं. पुरावे एकाच बाजूला झुकतात: हे रेणू बाहेरचे आहेत.

मात्र जी समानता हे रेणू पृथ्वीवरचे नाहीत असं सुचवते, तीच हेही सुचवते की ते सजीवांनी बनवलेले नाहीत. तेव्हा फोनवर 'लघुग्रहावर जीवनाचे पुरावे' अशी बातमी आली, तर शेअर करण्याआधी दोन गोष्टी शोधा: नमुना धुळीपासून कसा जपला, आणि डाव्या-उजव्याचं प्रमाण किती. बातमीत दोन्ही नसतील, तर मी तरी ती पुढे पाठवणार नाही.