‘जवळजवळ’ नियमांचा गणिती

विसाव्या शतकातील गणितात उत्तरांइतकेच प्रश्नांसाठीही स्मरणात राहिलेले नाव म्हणजे स्तानिस्लाव उलाम. १३ एप्रिल १९०९ रोजी, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्वीव शहरात, एका सधन ज्यू वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेथील स्कॉटिश कॅफेत स्तेफान बानाख, स्तानिस्लाव माझुर यांच्यासमवेत तासन् तास चर्चा रंगत. संगमरवरी टेबलांवर मांडलेले गणित पुसले जाई. म्हणून १९३५ मध्ये एक वही आली आणि तीत न सुटलेले प्रश्न नोंदले जाऊ लागले. सोडवणाऱ्यास बक्षीसही असे. एका प्रश्नासाठी माझुर यांनी चक्क जिवंत हंस लावला होता.

१९३९ मध्ये युद्धाचा भडका उडण्याच्या काही दिवस आधी उलाम धाकट्या भावाला घेऊन अमेरिकेस निघाले. मागे राहिलेले वडील व बहीण वंशसंहारात बळी पडले. बानाख यांनी जर्मन अमलाखाली लस बनवणाऱ्या संस्थेत उवांना स्वतःचे रक्त पाजून दिवस काढले. १९४५ मध्ये तेही गेले.

१९४० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील व्याख्यानात उलाम यांनी एक प्रश्न ठेवला. एखादे फलन बेरजेचा नियम तंतोतंत न पाळता जवळजवळ पाळत असेल, तर त्याच्या निकट नियम पूर्णपणे पाळणारे फलन असतेच काय? दुकानदार प्रत्येक किंमत जवळच्या पूर्ण रुपयात घेतो, तेव्हा दोन जिनसांची वेगवेगळी आणि एकत्र किंमत यांत फार तर एका रुपयाचा फरक पडतो. पण त्यामागे खरा भाव दडलेला असतोच. डोनाल्ड हायर्स यांनी १९४१ मध्ये हेच सिद्ध केले. राशी पुनःपुन्हा दुप्पट करावी, येणाऱ्या किमतीला तितक्याच पटीने भागावे. चूक विरत जाते आणि शुद्ध नियम उरतो. हे उत्तर ज्या अवकाशांसाठी होते, त्यांना बानाख यांचेच नाव आहे. क्रमनिरपेक्ष गट व अर्धगटांवरही ही युक्ती चालते. मात्र मुक्त गटावर अशी फलने आढळतात, ज्यांच्या जवळपास नियमनिष्ठ फलन नसतेच.

पुढे लॉस अलामॉस येथे उलाम अणुबॉम्बच्या प्रकल्पात सामील झाले. १९४६ मध्ये मेंदूच्या गंभीर आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडता मांडता त्यांना सुचले, की डाव सुटण्याची शक्यता हिशेबाने काढण्यापेक्षा अनेक डाव खेळून मोजणे सोपे. तीच आज सर्वत्र वापरली जाणारी ‘माँटे कार्लो’ पद्धत. १९५१ मध्ये एडवर्ड टेलर यांच्यासह त्यांनी हायड्रोजन बॉम्बची रचनाही सुचवली.

१३ मे १९८४ रोजी सांता फे येथे त्यांचे निधन झाले. कॅफेतील त्या वहीचा इंग्रजी अनुवाद त्यांनीच केला होता, आणि १९४० च्या प्रश्नातून वाढलेली गणिताची शाखा हायर्स यांच्यासोबत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.