आपल्या बोटी, आपला दर्या

मुंबई हे बेटांचे शहर. आज आपण आगगाडीने किंवा मोटारीने प्रवास करतो. पण पूर्वी कोकणच्या माणसाला मुंबई गाठायची तर आगबोटीशिवाय सोयीचा मार्ग नव्हता. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणारे कामगार गणपतीला किंवा शिमग्याला गावी निघत, ते बोटीनेच. हाजी लोकही मुंबईच्या बंदरातून जेद्द्याला जात. पण त्या काळी मोठमोठ्या बोटी बहुतेक इंग्रज कंपन्यांच्या होत्या. भाडे किती घ्यायचे, बोट कधी सोडायची, हे सारे त्याच ठरवीत. दर्या आपला, प्रवासी आपले, खलाशी आपले. पण बोट मात्र परक्यांची! ही स्थिती बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. आई लहानपणीच वारली. मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले, पण पदवी घेण्यापूर्वीच त्यांनी शिक्षण सोडले. घरच्या सावकारीत आणि पेढीच्या व्यापारात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेबांधणीची कंत्राटे घेतली आणि त्यांत चांगले नाव मिळवले.

१९१९ साली दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाकडून त्यांना एक बातमी समजली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' नावाची बोट विकायची होती. पहिल्या महायुद्धात ती जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून वापरलेली होती. वालचंदांना बोटींच्या धंद्याचा काहीच अनुभव नव्हता. तरी त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेऊन ती बोट विकत घेतली. शिंदे महाराजांच्या नावावरून कंपनीचे नाव 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' असे ठेवण्यात आले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' उतारू घेऊन मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. त्या सफरीत वालचंद आणि नरोत्तम मोरारजी हे दोघेही होते.

ही सुरुवात मोठ्या थाटाची असली तरी पुढची वाट खडतर होती. 'लॉयल्टी' जुनी झाली होती. ती चालवणे परवडेना, म्हणून १९२३ साली ती मोडीत काढावी लागली. कंपनीने मालाची वाहतूक सुरू केली, तेव्हा इंग्रज कंपन्यांनी आपले दर एकदम उतरवले. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचे भाडे निम्म्याहूनही खाली आले. नव्या कंपनीने तोटा सोसून सोसून बंद पडावे, हा त्यामागचा डाव होता. अनेक लहान देशी कंपन्या अशाच बुडाल्या होत्या. सिंदिया विकत घेण्याचाही प्रयत्न झाला, पण मालकांनी तो मानला नाही. शेवटी १९२३ साली करार झाला. त्यात सिंदियावर अनेक बंधने आली. वालचंदांना हा करार मनापासून आवडला नव्हता. पण कंपनी जगली तरच पुढे लढता येईल, हेही त्यांना दिसत होते. १९२९ साली नरोत्तम मोरारजी वारले आणि कंपनीची धुरा वालचंदांवर आली.

त्यानंतर सिंदियाने हजच्या वाहतुकीतही पाऊल टाकले. त्या मार्गावर बरीच वर्षे 'मोगल लाइन' या इंग्रजांच्या हातातील कंपनीचा वरचष्मा होता. सिंदियाने १९३७ साली बांधलेली 'एल् मदीना' आणि तिच्या जोडीची 'एल् हिंद' या बोटी हाजींसाठी आणल्या. पुन्हा भाड्यांची चढाओढ लागली. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. मार्च १९४४ मध्ये सैनिकांना नेणारी 'एल् मदीना' जपानी पाणबुडीने बंगालच्या उपसागरात बुडवली. सुमारे ३८० माणसे प्राणास मुकली. महिन्याभरातच, १४ एप्रिलला, मुंबईच्या गोदीत भयंकर स्फोट झाला आणि 'एल् हिंद'चाही नाश झाला.

कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणारी जुनी 'बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'ही पुढे सिंदियाच्या ताब्यात आली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. पुष्कळ ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून काठावर आणावे लागे. बोटीवरच्या खलाशांत आणि सारंगांत कोकणी मुसलमानही पुष्कळ असत.

केवळ बोटी विकत घेऊन भागणार नाही, त्या येथेच बांधल्या पाहिजेत, असे वालचंदांना वाटे. म्हणून २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तेथे तयार झालेली 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आली. बंगलोरचा विमानांचा आणि मुंबईत कुर्ल्याचा मोटारींचा कारखाना, हीसुद्धा त्यांच्याच उद्योगाची फळे होत.

आजारपणामुळे १९५० साली त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. कोकणच्या त्या आगबोटी पुढे बंद झाल्या आणि हाजीही विमानाने जाऊ लागले. पण ज्या दिवशी 'लॉयल्टी' मुंबईहून निघाली, तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पहिली बोट चार वर्षांत मोडीत निघाली, तरी तिने दाखवलेली वाट मात्र बंद पडली नाही.