दुर्गांचा वारकरी

पुण्याच्या नैर्ऋत्येस, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात मुरुंबदेवाचा डोंगर उभा आहे. शिवाजी महाराजांनी या डोंगरावर राजगड बांधला आणि रायगडाला राजधानी होण्याचा मान मिळेपर्यंत, जवळजवळ पाव शतक, येथूनच स्वराज्याचा कारभार चालविला. सईबाईंनी १६५९ साली याच परिसरात देह ठेवला. १६७० साली राजारामांचा जन्म याच गडावर झाला. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि त्यांच्या मधोमध आकाशात घुसलेला बालेकिल्ला असे या गडाचे रूप आहे. एवढा वैभवशाली गड. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची वाट विचारावयास येणारा माणूस क्वचितच दिसे. पायथ्याच्या गावापर्यंत मोटार जात नसे. वर पाण्याची टाकी होती, पडके वाडे होते, देवीचे देऊळ होते आणि रान माजले होते. अशा काळात पाठीवर वळकटी टाकून या गडावर पुनःपुन्हा जाणारा, वर मुक्काम करणारा आणि खाली उतरल्यावर त्याविषयी लिहिणारा एक लेखक महाराष्ट्राला लाभला. त्यांचे नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. वाचक त्यांना गोनीदा म्हणून ओळखतात. जवळची माणसे त्यांना अप्पा म्हणत.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. परतवाड्याच्या उत्तरेस सातपुड्याची, मेळघाटाची रांग सुरू होते. म्हणजे डोंगर त्यांना जन्मापासूनच शेजारी होता. मात्र त्यांच्या पायाला भिंगरी लावली ती डोंगराने नव्हे, काळाने. १९३० साली देशभर सविनय कायदेभंगाचे वारे वाहू लागले. विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे तेथे मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडण्यात आला. त्या धामधुमीच्या सुमारास, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, गोपाळने शाळा आणि घर दोन्ही सोडले व स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली.

हा प्रसंग सांगताना चरित्रकार बहुधा देशभक्तीवर भर देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तेरा वर्षांच्या मुलाने घर सोडणे म्हणजे काय, याचाही विचार करावयास हवा. त्या मुलाजवळ पैसा नव्हता, पदवी तर दूरच, शाळेचा शेवटचा दाखलाही नव्हता. पुढील कित्येक वर्षे पुढचे जेवण कोठे मिळेल आणि रात्री पाठ कोठे टेकावयाची, हे दोन प्रश्न त्याच्या सोबतीला होते. शाळा सुटली ती कायमची. त्याने जे शिक्षण मिळविले ते चालता चालता, माणसांच्या ओसरीवर बसून आणि भेटेल त्या विद्वानापाशी राहून मिळविले. या व्यवहारात त्याने काय गमावले, हे कोणी मोजलेले नाही. घरी राहिलेल्या आईवडिलांच्या दृष्टीने तर तो हिशेब अगदी निराळा असणार.

भटकंतीच्या या पर्वात त्यांना गाडगे महाराजांचा सहवास लाभला. महाराजही अमरावती जिल्ह्यातलेच, शेंडगावचे. हातात खराटा, डोक्यावर मडक्याचे खापर, अंगावर चिंध्या. गाव स्वच्छ झाडून काढावयाचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावयाची, असा त्यांचा क्रम होता. ते एका गावी फार काळ थांबत नसत. त्यांच्याबरोबर हिंडताना गोनीदांनी महाराष्ट्राची खेडी पाहिली; पाहुणा म्हणून नव्हे, तर भाकरी मागून खाणारा म्हणून. खेड्यातील माणूस कसा बोलतो, कोणत्या शब्दाने रागावतो, कोणत्या म्हणीने हसतो, हे त्यांच्या कानात त्या वेळीच साठले असावे. पुढे त्यांनी गाडगे महाराजांचे चरित्रही लिहिले.

याच तरुण वयात त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली. नर्मदा अमरकंटकाला उगम पावते आणि सुमारे १,३०० किलोमीटरचा प्रवास करून भडोचजवळ समुद्राला मिळते. परिक्रमा करणाऱ्याने नदी सदैव उजव्या हाताला ठेवून एका तीराने समुद्रापर्यंत जावयाचे आणि दुसऱ्या तीराने परत यावयाचे असते. मध्येच नदी ओलांडता येत नाही. जवळ संचय करावयाचा नाही. मिळेल त्या भिक्षेवर किंवा सदावर्तावर गुजराण करावयाची. परंपरेने या यात्रेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. शूलपाणीच्या झाडीत यात्रेकरूंना लुटण्यात येई, अंगावरचे वस्त्रही उरत नसे. या चालण्यातून त्यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी जन्मास आली. मराठीत प्रवासवर्णने विपुल आहेत, पण अनवाणी पायांची अशी कादंबरी विरळाच.

पायी प्रवासाची ओढ सर्वच देशांत आढळते. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन नावाची प्राचीन पर्वतरांग आहे. तिच्या दक्षिण टोकाशी असलेल्या जॉर्जिया राज्यापासून उत्तरेकडील मेन राज्यापर्यंत, साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास लांबीची एक पायवाट १९३७ साली पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेला अर्ल शॅफर हा सैनिक १९४८ साली ही संपूर्ण वाट एका दमात चालला. युद्धाच्या आठवणी मनातून चालून चालून काढून टाकाव्यात, असा त्याचा हेतू होता. मात्र त्या वाटेवर झाडांच्या खोडांवर रंगाच्या खुणा असतात, ठिकठिकाणी निवारे असतात. सह्याद्रीत असे काही नव्हते. येथे वाट दाखवावयाची ती गुराख्याने. आणि आसरा द्यावयाचा तो धनगराच्या झापाने किंवा देवळाच्या सभामंडपाने. म्हणूनच गोनीदांच्या डोंगरयात्रांत डोंगराइतकीच माणसे भेटतात.

परिक्रमेसारख्या यात्रा झाल्या, वेदान्ताचा अभ्यास झाला. पुढे औंध येथे वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांच्याजवळ राहून त्यांनी संपादनाचे कामही केले. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास, १९४७ साली, गोनीदांनी एक धाडसी निर्णय घेतला. यापुढे केवळ लेखनावर जगावयाचे, असे त्यांनी ठरविले. त्या काळी मराठीत लेखणीवर संसार चालविणे म्हणजे उपासमारीला आमंत्रण देणे होते. प्राध्यापकाची किंवा सरकारी नोकरी सांभाळून लिहिणारे लेखक पुष्कळ होते. गोनीदांजवळ नोकरीला लागणारी पदवी नव्हती, हे खरे; पण ठरवून पत्करलेल्या या अनिश्चिततेत त्यांच्या पत्नी नीराताई यांचाही वाटा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. हे कुटुंब पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झाले.

तळेगाव हे मावळच्या उंबरठ्यावरचे गाव आहे. पश्चिमेकडे निघाले की लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि घाटाच्या कडेवरचा राजमाची असे एकामागून एक किल्ले लागतात. बेंगळूरूच्या यशवंतपुरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला सावनदुर्ग किंवा नंदीदुर्ग माहीत असेल. तेथील डोंगर ग्रॅनाइटचे, एकसंध आणि गोलसर. सह्याद्रीचा डोंगर याहून निराळा असतो. तो लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेल्या काळ्या बेसाल्टचा आहे. त्यामुळे त्याला पायऱ्यांसारखे टप्पे पडतात, सपाट माथा मिळतो आणि पश्चिमेकडे कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेले कडे असतात. मधल्या टप्प्यावरच्या सपाटीला माची म्हणतात, तर सर्वांत उंच, तटबंदीने वेढलेल्या भागाला बालेकिल्ला. निसर्गाने निम्मा किल्ला आधीच बांधून ठेवला होता. राज्यकर्त्यांनी उरलेला निम्मा पुरा केला.

या किल्ल्यांचे भाग्य १८१८ नंतर फिरले. मराठेशाही बुडाली आणि इंग्रजांनी हे गड ताब्यात घेतले. पुन्हा कोणी त्यांच्या आश्रयाने उठाव करू नये म्हणून अनेक गडांच्या पायऱ्या, दरवाजे आणि वाटा सुरुंग लावून उडविण्यात आल्या. पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करून पोट भरणाऱ्या माणसांचे कामच संपले. गडावरची वस्ती खाली उतरली. विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामण गंगाधर गोगटे यांनी महाराष्ट्रातील किल्ल्यांची माहिती ग्रंथरूपाने गोळा केली, पुढे इतिहाससंशोधकांनी कागदपत्रे उजेडात आणली. परंतु सामान्य माणसाच्या लेखी गड म्हणजे शाळेच्या पुस्तकातील एक नाव, एवढेच उरले होते. दगड ढासळत होते आणि ते ढासळताना पाहणारेही कोणी नव्हते.

गोनीदा या ठिकाणी उपयोगी पडले. ते गड पाहण्यास जात ते वारकरी पंढरीला जातो तसे. एकदा जाऊन आल्याने त्यांचे समाधान होत नसे. राजगडावर तर त्यांचा विशेष जीव. रायगडाच्या सिंहासनापेक्षा राज्य घडताना पाहिलेला हा गड त्यांना अधिक जवळचा वाटे. पावसाळ्यात, हिवाळ्यात, चांदण्यात आणि भर उन्हात त्यांनी तो पाहिला. बालेकिल्ल्याच्या उभ्या चढणीवर आज लोखंडी कठडे आहेत. त्या काळी खडकातील खोबणीत बोटे रोवूनच वर जावे लागे. गोनीदा एकटे जात, तसेच तरुणांना, मुलामुलींनाही बरोबर घेऊन जात. दरवाजाशी बसून त्या दरवाजाची कथा सांगावयाची, टाक्याशी बसून पाण्याची व्यवस्था समजावून द्यावयाची, असा त्यांचा प्रघात होता. त्यांची वाणी रसाळ होती आणि ऐकणारा दमलेला असे. त्यामुळे ते सांगणे मनात उतरत असावे.

या भ्रमंतीतून ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ आणि ‘किल्ले’ ही पुस्तके सिद्ध झाली. गडावरील वास्तूंची त्यांनी छायाचित्रेही पुष्कळ काढली. ती त्यांच्या पश्चात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या लेखनात संशोधकाची काटेकोर शिस्त शोधू नये. दंतकथा आणि कागदपत्र यांच्यातील सीमारेषा ते कित्येकदा भावनेच्या भरात ओलांडतात, आणि गतकाळ त्यांना जरा अधिकच सोनेरी दिसतो. अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला तर तो नाकारता येणार नाही. मात्र कोणत्या वळणावर पाणी आहे, कोणत्या बुरुजाखाली वाट निसटती आहे, कोणत्या वेळी कोणत्या कड्यावर ऊन येते, याची जी माहिती ते देतात ती कोणत्याही दप्तरात मिळत नाही. ती पायांनीच मिळवावी लागते.

त्यांच्या कादंबऱ्यांनाही याच पायांचे ऋण आहे. ‘माचीवरला बुधा’ मधील म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या माळावर एकटा येऊन राहतो. झाडे आणि पाखरे हाच त्याचा परिवार होतो. ‘पवनाकाठचा धोंडी’ मध्ये पवनेच्या खोऱ्यातील मावळी माणूस आणि गडावरची त्याची निष्ठा आहे. हे खोरे पुढे धरणामुळे बरेचसे पाण्याखाली गेले, त्यामुळे त्या कादंबरीला आज एक वेगळीच किंमत आली आहे. ‘जैत रे जैत’ मध्ये ठाकर समाजाचे जीवन आहे, डॉ. जब्बार पटेल यांनी त्यावर १९७७ साली काढलेला चित्रपट सर्वतोमुखी झाला. ‘पडघवली’ मध्ये मोडत चाललेले कोकणातील खेडे आहे. लेखक विदर्भाचा, आणि भाषा मात्र कधी मावळी, कधी ठाकरी, कधी कोकणी. परक्या बोलीत लिहिणारे लेखक बहुधा चार शब्द पेरून वेळ मारून नेतात; गोनीदांची पात्रे त्या बोलीत विचार करतात. भाक्रा-नांगल धरणाच्या उभारणीवर कादंबरी लिहावयाची ठरली तेव्हाही त्यांनी ती घरी बसून लिहिली नाही. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही ती कादंबरी. संतचरित्रांवरील त्यांच्या कादंबऱ्यांची आणि शिवकालीन कादंबरीमालेची येथे केवळ नोंद करणे शक्य आहे.

घर सोडलेल्या मुलाची कहाणी त्यांनी साठीच्या जवळ पोहोचल्यावर ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात्मक कादंबरीत सांगितली. १९७६ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अकोला विदर्भातच आहे, परतवाड्यापासून फार दूर नाही. ज्या मुलखातून तेरा वर्षांचा मुलगा रिकाम्या हातांनी बाहेर पडला होता, त्याच मुलखाने पासष्टीच्या उंबरठ्यावरील लेखकाला मानाने बोलाविले.

गोनीदांचे १ जून १९९८ रोजी निधन झाले. त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव यांनी वडिलांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन १९७५ पासूनच सुरू केले होते. कुटुंबातील माणसांनी मिळून केवळ आवाजाच्या बळावर कादंबरी श्रोत्यांसमोर उभी करावयाची, हा उपक्रम त्यांनी पुढेही दीर्घकाळ चालविला; २०२४ साली त्यांचेही निधन झाले. गोनीदांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ निघाले आणि किल्ल्यांवरच साहित्य संमेलने भरू लागली.

राजगडावर आता रविवारी इतकी गर्दी होते की बालेकिल्ल्याच्या चढणीवर रांग लागते.  जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा वारसायादीत समावेश केला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. तळेगावकरांच्या परिचयाचा लोहगड त्या यादीत आहे, आणि मुरुंबदेवाच्या डोंगरावरचा राजगडही.