विश्लेषण : खाइम सुटीनच्या चित्रांतली माणसे वाकडीतिकडी का?

पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात पेस्ट्री बनवणाऱ्या एका पोराचे तैलचित्र आहे. खांदे उतरलेले, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा, कान भलताच मोठा. अंगात पांढरा गणवेश, हातात लाल रुमाल. हे चित्र खाइम सुटीनचे.

सुटीन कोण होता?

१८९३ मध्ये मिन्स्कजवळच्या स्मिलाविची गावात (आजचा बेलारूस) गरीब ज्यू घरात जन्म. अकरा भावंडांत दहावा. वडील जुने कपडे दुरुस्त करत. गावातल्या एका वृद्धाचे चित्र काढले म्हणून त्याला बेदम मार बसला आणि भरपाईच्या २५ रुबलांवर तो चित्रकला शिकायला निघाला, असे सांगितले जाते. १९१३ मध्ये तो पॅरिसला पोहोचला. तिथे मोदिल्यानीसारखा मित्र मिळाला. पोटभर जेवण मात्र क्वचितच.

मोजकेच रंग कशासाठी?

सुटीन आधी रेखाटन करत नसे. समोर माणूस बसवायचा आणि थेट कॅनव्हासवर ओल्या रंगात ओला रंग घालायचा. आचारी असेल तर पांढरा, हॉटेलातला पोऱ्या असेल तर लाल, असा एकच रंग बहुतेक चित्र व्यापतो. पण तो पांढरा नुसता पांढरा नाही. जवळून पाहा, त्यात निळे, हिरवट, पिवळे फटकारे दिसतील. रंगांची गर्दी नसल्याने नजर भरकटत नाही. ती वाकड्या चेहऱ्यावर आणि अवघडलेल्या हातांवर येऊन थांबते. कपडे शिवणाऱ्याच्या या मुलाने गणवेशावर जितका जीव लावला, तितका क्वचितच कुणी लावला असेल. या विकृतीत चेष्टा दिसत नाही. दिवसभर उभे राहून दमलेला नोकर दिसतो.

नशीब कसे पालटले?

१९२२-२३ च्या हिवाळ्यात अमेरिकी संग्राहक अल्बर्ट बार्न्स यांनी असेच एक पेस्ट्रीवाल्याचे चित्र पाहिले आणि सुटीनची पन्नासच्या आसपास चित्रे एकदम घेतली. पैसा आला, स्वभाव तोच राहिला. सेरे गावात काढलेली स्वतःचीच चित्रे तो शोधून फाडत असे. १९२५ च्या सुमारास स्टुडिओत बैलाचे धड टांगून, रंग ताजा राहावा म्हणून त्यावर रक्त ओतत तो चित्रे काढत होता. दुर्गंधीने शेजारी हैराण झाले.

नाझींनी फ्रान्स व्यापल्यावर ज्यू सुटीन खेड्यापाड्यांत लपत राहिला. पोटातला जुना अल्सर फुटला. लपतछपत त्याला पॅरिसला शस्त्रक्रियेसाठी आणले, पण उशीर झाला होता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी तो गेला. माँपार्नासच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.