लुई रेनो: गाडीची चेन काढून शाफ्ट बसवणारा २१ वर्षांचा पोरगा

जुनी ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी चालवली असेल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि पुन्हा दाबला, की खालून खट्ट. मेकॅनिक सांगतो, प्ले आलाय. पण हा प्ले गाडीच्या वयाला साजेसा आहे की मोठ्या खर्चाची घंटा आहे, हे ओळखायचं कसं?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर १८९८ साली पॅरिसजवळच्या एका शेडमध्ये तयार झालं. ते करणाऱ्या पोराचं नाव लुई रेनो. हो, डस्टर आणि क्विडच्या कंपनीला ज्याचं नाव आहे तोच.

लुईचा जन्म १८७७ चा. घरचा धंदा कापडाचा आणि बटणांचा, त्यामुळे पैशाला तोटा नव्हता. लुईचं लक्ष मात्र पुस्तकांपेक्षा यंत्रांत जास्त. बियांकूर इथल्या घराच्या बागेत एक शेड होती, तीच त्याची कार्यशाळा.

१८९८ मध्ये त्याने द दियाँ-बूताँ कंपनीची तीनचाकी घेतली आणि तिची चारचाकी केली. त्या काळी बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जायची ती चेन किंवा पट्ट्यावरून. चेनचं दुखणं सायकलवाल्यालाही ठाऊक असतं. ती धूळ खाते, ताणते, ढिली पडते आणि खडखडते. लुईने चेन काढली आणि तिथे फिरता दांडा बसवला. आपण ज्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतो, तोच हा. खड्ड्यांत चाकं वर-खाली होतात, म्हणून शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट दिले. हे जॉइंट जगाला आधीपासून माहीत होते, लुईने ते नेमक्या जागी वापरले.

खरी कमाल गिअरबॉक्समध्ये होती. पुढे जाण्यासाठी तीन गिअर. त्यातल्या तिसऱ्यात इंजिनाची ताकद मधल्या दात्यांना वळसा न घालता थेट शाफ्टला मिळायची. म्हणजे आवाज कमी, झीज कमी. यालाच डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात.

२४ डिसेंबर १८९८ च्या रात्री लुईने ही गाडी माँमार्त्रच्या र्यू लपिक या चढाच्या रस्त्यावर चढवून दाखवली. त्याच रात्री १२ गाड्यांची ऑर्डर मिळाली! १८९९ च्या फेब्रुवारीत त्याने पेटंट घेतलं आणि मार्सेल व फेर्नां या भावांनी कंपनी काढली. पुढे ही पद्धत वापरणाऱ्या इतर कंपन्यांकडून लुईने रॉयल्टीही वसूल केली.

१९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत अपघात होऊन मार्सेल गेला. १९०९ मध्ये फेर्नांही गेला आणि सगळा कारभार लुईच्या हाती आला. १९१४ मध्ये मार्नच्या लढाईसाठी पॅरिसच्या टॅक्सींतून सैनिक आघाडीकडे नेले गेले, त्यातल्या बहुतेक टॅक्सी रेनोच्या होत्या. त्याच्या कारखान्यातले एफटी रणगाडेही पहिल्या महायुद्धात गाजले. लुई देशाचा हिरो झाला.

दुसऱ्या महायुद्धात चित्र उलटलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये रेनोच्या कारखान्यात जर्मन सैन्यासाठी काम झालं. पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये शत्रूला साथ दिल्याच्या आरोपाखाली लुईला अटक झाली. महिनाभरातच, २४ ऑक्टोबरला, खटला सुरू होण्याआधीच तो कैदेत असताना वारला. जानेवारी १९४५ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. तो दोषी होता की कारखाना वाचवायला धडपडत होता, हा वाद नंतरही मिटला नाही.

त्याचा खटला अर्धवट राहिला, पण जुन्या गाडीतला दोष कुठे आहे हे शोधायला त्याचा डायरेक्ट ड्राइव्ह आजही मदत करतो. ॲम्बेसेडर-पद्मिनीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चौथा गिअर हा डायरेक्ट असतो. घरघर पहिल्या तीन गिअरमध्ये येते आणि चौथ्यात थांबते? मग आधी गिअरबॉक्सवर संशय घ्या. चौथ्यातही तशीच राहते? मग शाफ्ट किंवा डिफरेन्शियलकडे बघा.

प्ले तपासायचा असेल तर गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आता शाफ्ट हाताने थोडा उलटसुलट फिरवा. डिफरेन्शियलच्या दात्यांत तेलासाठी आणि तापून फुगण्यासाठी फट ठेवावीच लागते, त्यामुळे शाफ्ट जरासा फिरणारच. जुन्या गाडीत थोडा जास्त फिरला तरी लगेच घाबरायचं कारण नाही.

क्रॉसचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा, नियम मात्र वेगळा. त्याच्या दोन्ही बाजू एकदमच हलायला हव्यात. एक बाजू आधी हलली आणि दुसरी मागून आली, किंवा क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस गंजाची पूड दिसली, तर क्रॉस गेला. तो वेळीच बदलला तर खर्च आटोक्यात राहतो. धावत्या गाडीचा शाफ्ट सुटला, तर गाडीबरोबर आतल्या माणसांच्याही जिवावर बेततं.

म्हणून खट्ट ऐकू आलं की लगेच डिफरेन्शियल उघडायला सांगू नका. आधी आवाज कोणत्या गिअरमध्ये येतो ते बघा, मग क्रॉस तपासून घ्या.