भिंतीभिंतीत बसलेले ‘रावल’

हार्डवेअरच्या दुकानात आपण रावल प्लग मागतो, रावल बोल्ट मागतो. हे रावल आपल्याकडचेच कुणी असावेत, असे अनेकांना वाटते. मूळ शब्द आहे रॉल आणि त्यामागचा माणूस म्हणजे लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज.

रॉलिंग्ज हे इमारतींच्या कामांचे कंत्राटदार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचे साहित्य बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. अट एकच होती, भिंतींची नासधूस होता कामा नये. तेव्हा छिन्नीने खळगा पाडून त्यात लाकडी गिट्टी ठोकत आणि तिच्यात स्क्रू पिळत. त्यात भिंत उकरली जाई आणि लाकूड वाळले की गिट्टी सैल होई.

रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची बारीक नळी तयार केली. धागे सरस किंवा जनावरांच्या रक्ताने घट्ट केले. लहानशा गोल भोकात नळी आणि नळीत स्क्रू. स्क्रू शिरला की नळी फुगते, भोकाच्या कडेवर दाब देते आणि त्या घर्षणाने स्क्रू धरून राहतो. १९११ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९१३ मध्ये तो मंजूर झाला. पुढे कंपनीनेही प्लगचेच नाव घेतले. १९३४ मध्ये तिने काँक्रीटसाठी धातूचा रॉलबोल्ट आणला. त्यात बोल्ट आवळला की शंकू ओढला जातो आणि कवचाच्या पाकळ्या उघडून काँक्रीटला घट्ट भिडतात. आजचे अँकर फास्टनर याच तत्त्वावर चालतात.

आरोग्याच्या सदरात हे सांगण्याचे कारण आपला उन्हाळा. नांदुऱ्यात खिडकीला कूलर लागतो. त्यात ४० लिटर पाणी भरले की ४० किलो वजन वाढते, वर मोटरची थरथर. खाली लहान मूल खेळत असेल, तर निसटलेल्या बोल्टची किंमत डोक्याच्या जखमेने मोजावी लागते.

पहिली गोष्ट, भिंत ओळखा. पसरणारा धातूचा बोल्ट भक्कम काँक्रीटसाठी असतो. विटांची किंवा पोकळ ब्लॉकची भिंत त्याच्या दाबाने फुटू शकते. तिथे कूलरसाठी जमिनीवरचे लोखंडी स्टँडच बरे. डोक्यावरच्या जड वस्तूला प्लास्टिकची गिट्टी कधीही वापरू नका.

दुसरी गोष्ट, भोक. १० मिलिमीटरच्या रॉलबोल्टला १६ मिलिमीटरचे भोक लागते, तर तेवढ्याच वेज अँकरला १० मिलिमीटरचेच. म्हणून पाकिटावरचे माप वाचा. खोली मोजताना प्लास्टर धरू नका, ते भार पेलत नाही. काँक्रीट दाब सोसते, पण ताणाला कमकुवत असते. बोल्ट उथळ असेल तर काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा घेऊनच तो बाहेर येतो, आणि कडेजवळ असेल तर कडाच फुटते. जुना ठोकताळा असा, की कडेपासून बोल्टच्या जाडीच्या निदान ५ पट आणि दोन बोल्टमध्ये १० पट अंतर ठेवावे. ड्रिल सळईला लागले तर सळई कापू नका, जागा बदला.

तिसरी गोष्ट, धूळ. भोकात धूळ राहिली की पकड कमी होते. म्हणून अनेक कारागीर तोंडाने फुंकर मारतात आणि तीच धूळ डोळ्यांत व छातीत जाते. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षे ती श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो. फुप्फुसाला पडलेले व्रण भरून येत नाहीत आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. ब्रश आणि हातपंप किंवा व्हॅक्यूम वापरावा. चष्मा आणि नाकाला नीट बसणारा एन-९५ मास्क हवाच, रुमाल पुरत नाही. महिनोन्महिने खोकला व दम असेल, तर डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे. त्यावरून तपासणीची दिशा ठरते.

शेवटी, नट पाकिटावर सांगितला तेवढाच आवळा. जास्त जोर लावला तर बोल्ट तुटतो किंवा काँक्रीट तडकते. रॉलिंग्ज यांनी भिंत वाचवायला युक्ती काढली. भोक पाडणाऱ्या माणसाची छाती वाचवणे हे काम देणाऱ्याचे आहे. मिस्त्रीला बोलावताना मास्कचे पैसेही हिशेबात धरावेत.