डॉ. कोटणीसांची चीनयात्रा

सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागांचे शहर. या शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. घर मध्यम स्थितीतले आणि भावंडांनी भरलेले होते. त्यांच्या तारुण्यात देशात स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे वाहत होते. सोलापुरात तर १९३० साली लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि पुढील वर्षाच्या जानेवारीत शहराच्या चार सुपुत्रांना फाशी देण्यात आले. अशा काळात वाढलेले द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. दूरदूरचे देश पाहावेत, तेथे आपल्या विद्येचा उपयोग करावा, अशी त्यांना पहिल्यापासून हौस होती. ही हौस पुरी होण्याची संधी १९३८ साली चालून आली. पण ती ज्या रूपाने आली, ते रूप सौम्य नव्हते.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले होते. शांघाय पडले, नानकिंग पडले. चिनी सैन्यात जखमींची संख्या वाढत होती. परंतु त्यांच्यावर उपचार करण्यास डॉक्टर नव्हते. सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे साहाय्य मागितले. त्या वेळी राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी जनतेला आवाहन केले, निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे एक पथक उभे राहिले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला दिलेला तो मदतीचा हात होता. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहन अटल होते. त्यांच्याबरोबर नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस, असे चौघे निघाले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ नावाच्या आगबोटीने मुंबईचा किनारा सोडला. कोटणीसांना अद्याप अठ्ठाविसावे वर्ष पुरे झाले नव्हते. वर्षभराने परत यावयाचे, अशीच सर्वांची समजूत होती.

कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरे घेत पथक सप्टेंबरच्या मध्यास कँटनला पोहोचले. आज या नगराला ग्वांगझौ म्हणतात. दक्षिण चीनचे हे जुने व्यापारी नगर मोत्यांची नदी या नावाने प्रसिद्ध असलेल्या नदीच्या काठी वसले आहे. सुन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी तेथे पाहुण्यांचे स्वागत केले. एरवी प्रवाशाने असे नगर निवांतपणे पाहिले असते. पण नगरावर शत्रूची विमाने घिरट्या घालीत होती. तेथून चांगशावरून पथक महिनाअखेरीस यांगत्सेच्या काठी हँकौला गेले. हँकौ म्हणजे आजच्या वूहान महानगराचा एक भाग. महिना लोटला नाही तोच कँटन पडले आणि त्यापाठोपाठ हँकौही पडले. नोव्हेंबरात चांगशा नगर भीषण आगीत भस्मसात झाले. ज्या नगराचा निरोप घ्यावा, ते आपल्या पाठीमागे नष्ट व्हावे, असा हा विलक्षण प्रवास होता.

हँकौहून यीचांगला आणि तेथून नदीमार्गाने वर चुंगकिंगला जावयाचे होते. या वाटेवर यांगत्सेच्या जगप्रसिद्ध तीन दऱ्या लागतात. आपल्याकडील वैनगंगा सपाट भातखाचरांमधून संथपणे वाहते. गोदावरीही विस्तीर्ण पात्रातून जाते. यांगत्से मात्र येथे उभ्या कड्यांच्या कोंडीत सापडते. प्रथम शिलिंग, मग वू आणि शेवटी छुतांग, अशा या दऱ्या एकामागून एक येतात. कड्यांच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात आणि खाली पाणी भोवरे करीत धावत असते. ली पो आणि तू फू या थोर चिनी कवींनी शेकडो वर्षांपूर्वी या दऱ्यांवर काव्ये रचली. त्या काळी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होड्या काठाच्या पाऊलवाटेवरून माणसे दोर खांद्यावर घेऊन ओढीत असत. पुढे तेथे प्रचंड धरण बांधले गेले. २००३ पासून पाणी चढत गेले आणि जुन्या पाऊलवाटा व काठावरची कित्येक गावे त्याच्या पोटात गेली. कोटणीस ज्या मार्गाने गेले, तो मार्ग आता त्या रूपात उरलेला नाही.

चुंगकिंग ही तेव्हा चीनची युद्धकालीन राजधानी होती. दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या उतारांवर हे शहर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेले आहे. येथे मुक्काम असतानाच सोलापूरहून वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. घरी आई, भाऊ, बहिणी. आणि आपण हजारो मैलांवर! परत जाण्यास कोणीही हरकत घेतली नसती. कोटणीसांनी मनाशी विचार केला आणि पुढे जाण्याचे ठरवले. घरच्या दुःखाला अश्रू द्यावेत की अनोळखी जखमींना हात द्यावेत, असा तो प्रसंग होता. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. पहिल्या मार्गाची वेदना मात्र त्यांच्या मनात राहिलीच असेल.

जानेवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडे निघाले. छिनलिंग पर्वताच्या रांगा ओलांडून ते सियानला आले. हे सियान म्हणजेच तांग घराण्याची प्राचीन राजधानी चांगआन. येथूनच सातव्या शतकात युआन श्वांग हा भिक्षू ज्ञानाच्या शोधात भारताकडे निघाला होता. त्याने महाराष्ट्रही पाहिला आणि येथील लोकांच्या स्वाभिमानाची नोंद करून ठेवली. सन ६४५ मध्ये तो मायदेशी परतला. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी बांधलेला उंच मनोरा त्या नगरात आजही उभा आहे. तेराशे वर्षांनंतर त्याच नगरातून एक मराठी तरुण जात होता. भिक्षू विद्या नेण्यास आला होता. हा तरुण आपली विद्या देण्यास निघाला होता.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोहोचले. येथील भूमी निराळीच होती. वाऱ्याने युगानुयुगे वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचे डोंगर चहूकडे पसरले होते आणि त्या डोंगरांच्या पोटात कोरलेल्या गुहांतून लोक राहत होते. बॉम्बहल्ल्यांनी गाव उद्ध्वस्त झाल्यामुळे या गुहाच आता घर, शाळा आणि रुग्णालय झाल्या होत्या. कोटणीस अशाच रुग्णालयात काम करू लागले. आहार मुख्यतः राळ्याचा. हिवाळा असा की पाणी गोठावे. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने हे सारे आनंदाने अंगवळणी पाडले आणि चिनी भाषेचा अभ्यास नेटाने सुरू केला. चीनमध्ये त्यांना ‘के तिहुआ’ हे नाव मिळाले होते. ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या नावांत हे अक्षर गुंफलेले होते.

हळूहळू सोबती कमी होऊ लागले. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले. उरलेले तिघे त्याच वर्षाच्या अखेरीस आघाडीकडे निघाले. पुढे डॉ. अटल यांना प्रकृतीमुळे परतावे लागले. राहिले बसू आणि कोटणीस. त्यांना शत्रूच्या ताब्यातील मुलखातून, रात्रीच्या अंधारात, पहाऱ्यातील लोहमार्ग ओलांडून जावे लागे. जून १९४० मध्ये ते ताइहांग पर्वताच्या कुशीतील थांग तालुक्यात आले. तेथे कॅनडाचे विख्यात शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधी होती. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेत विष भिनून बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. त्यांचे अपुरे राहिलेले काम कोणीतरी उचलावयास हवे होते. काही काळाने डॉ. बसू येनानला गेले आणि कोटणीस पर्वतात मागे राहिले.

येथे प्रवाशाचा जणू गावकरी झाला. ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सैन्याने मोठी मोहीम सुरू केली, तेव्हा जखमींची रीघ लागली. झोप विसरून कोटणीस शस्त्रक्रिया करीत राहिले. १९४१ च्या आरंभी ते बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. नाव भारदस्त असले, तरी हे रुग्णालय खेड्यातील घरांत चाले. शत्रू चालून आला की रुग्णांना डोलीत घालून डोंगरात न्यावे लागे. कोटणीस गावकऱ्यांवर उपचार करीत, विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवीत आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहीत. तेथील परिचर्याशास्त्राच्या शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ मध्ये विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देशांचे नाते एका बालकाच्या नावात सामावले.

पण अतिश्रमांनी शरीर पोखरले होते. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारांसाठी अन्यत्र जावे, असा आग्रह सहकाऱ्यांनी केला. परंतु रुग्णांना सोडून जाण्यास ते राजी झाले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे ताइहांगच्या पायथ्याच्या त्या खेड्यात त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे बत्तीस. पाठ्यपुस्तकाचे हस्तलिखित अपुरे राहिले आणि तान्हुला साडेतीन महिन्यांचा होता. ज्यांच्यात ते वावरले, त्या शेतकऱ्यांनी आणि सैनिकांनी आपल्या घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर बोलपट काढला आणि त्यांची कथा भारतात घरोघरी गेली. चीनमधील शिज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात बेथ्यून यांच्याप्रमाणेच कोटणीसांचीही समाधी आहे. पूर्वजस्मरणाच्या दिवशी तेथील शाळकरी मुले तिच्यावर फुले वाहतात. दोन्ही देशांच्या संबंधांत पुढे कटुतेचे दिवसही आले, परंतु ती फुले कोमेजली नाहीत.

जग पाहावे, ही हौस कोटणीसांना घराबाहेर घेऊन गेली. त्यांनी नगरे पाहिली, नद्या पाहिल्या, पर्वत पाहिले. पण त्यांची दृष्टी तेथे खिळून राहिली नाही. कड्यांच्या सौंदर्याखाली दोर ओढणारी माणसे असतात आणि पिवळ्या डोंगरांच्या पोटात जखमी कण्हत असतात, हे त्यांनी जाणले. ज्या देशात ते पाहुणे म्हणून गेले, त्या देशाच्या मातीत ते घरच्या माणसासारखे विसावले. सोलापूरहून निघालेली ती यात्रा अशा रीतीने पूर्ण झाली.